खानदेशच्या उन्हात सावरण्याचं घर

मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसांसाठी घर बांधायचं ठरलं की बैठकीत पहिली चर्चा रंगावर होते. भिंती फिकट निळ्या असाव्यात की पिस्ता, बागेत कारंजं हवं का, दारावर पाटी कसली लावायची. खानदेशात ही चर्चा जरा मागे ठेवावी आणि आधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून काढावं: मे महिन्यात, लाईट गेलेली असताना, दुपारी तीन वाजता या घरातल्या कुठल्या खोलीत माणूस तासभर निवांत बसू शकेल? उत्तर सापडत नसेल तर नकाशा परत काढायला घ्यावा.

जळगाव-भुसावळ पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. ऊन आपल्या अंगवळणी पडलंय, असं इथला प्रत्येकजण म्हणतो, आणि निरोगी शरीरापुरतं ते काही अंशी खरंही आहे. मनाच्या आजारावरची औषधं घेणाऱ्या शरीराचं गणित वेगळं असतं. क्लोरप्रोमाझिन, ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारखी औषधं शरीराच्या तापमान सांभाळण्याच्या यंत्रणेत ढवळाढवळ करतात. हातापायांचा ताठरपणा आणि थरथर कमी व्हावी म्हणून सोबत जी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी दिली जाते, तिने घाम कमी येतो आणि तोंडाला कोरड पडते. मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे गेलं की रक्तातली लिथियमची पातळी वाढू लागते. मग उलट्या, जोरात थरथर, तोल जाणं, बोलणं अडखळणं सुरू होतं. घरातले म्हणतात, ऊन लागलं असेल, कांद्याचा रस लावा. उष्माघात आणि लिथियमची विषबाधा सुरुवातीला इतकी सारखी दिसतात की दवाखान्यात न्यायला उशीर होतो. शिवाय क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्याची कातडी उन्हाने लवकर भाजते. त्यामुळे इथे छप्पर, भिंत आणि सावली यांचं काम औषधाच्या गोळीइतकंच गंभीरपणे घ्यावं लागतं.

सुरुवात छपरापासून. जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. भिंतींपेक्षा कितीतरी जास्त ऊन गच्ची खाते. पाच इंची उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग संध्याकाळनंतर खाली सोडत राहतो. रात्री आठ ते मध्यरात्र हे त्या खोलीतले सगळ्यात वाईट तास, आणि झोपेची गोळी घेऊन आडवं व्हायची वेळही नेमकी तीच. बायपोलर म्हणजे कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा आजार असलेल्या माणसाच्या दोन-चार रात्री सलग मोडल्या तर आजार उसळायला तेवढं पुरतं. गच्चीवरचा खर्च वाचवून आत चांगल्या टाइल्स बसवणाऱ्या संस्थांना हे कळकळीने सांगावंसं वाटतं: तो खर्च झोपेवरचा असतो, त्याला कात्री लावू नका.

स्लॅबवर सरासरी चार इंचांचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे सिमेंटात बसवलेला थर, १०० फुटांना एक फूट उतार आणि वर पांढऱ्या चायना चिप्स, म्हणजे चिनी मातीच्या फरशीचे तुकडे, हा इथल्या मिस्तऱ्यांना हातखंडा असलेला थर आहे. तो गळती थांबवतो आणि ऊन परतवतो. एवढे पैसे नसतील तर फेब्रुवारीअखेर चुन्याचे दोन हात द्यावेत. पावसात ते धुऊन जातात, त्यामुळे हे दरवर्षीचं काम समजून त्याची तारीख घराच्या वहीत लिहून ठेवावी. सगळ्यांत जास्त फरक पडतो तो गच्चीवर सावली केल्याने. लोखंडी पाइपांचा सांगाडा करून सात फुटांवर ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट ताणली की खाली वारा खेळतो आणि स्लॅब तापतच नाही. रोपवाटिकांमुळे शेडनेट आपल्याकडे तालुक्याच्या गावातही मिळते. ती तारेने कायमची बांधली जाते, इथेच चूक होते. मे-जूनचं वादळ केळीचे बाग आडवे करतं, तिथे शेडनेटची काय कथा. ती फाटते किंवा सांगाडाच उपटते. हुक आणि दोरी वापरावी, आणि मृगाच्या आधी ती काढून घडी करून ठेवावी.

जुन्या धाब्याच्या घरांना हे सगळं लागत नसे. सागाच्या सऱ्या म्हणजे तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर, खाली हात-सव्वा हात रुंदीच्या भिंती. ऊन आत पोचेपर्यंत दिवस मावळून जाई. आज तसं धाबं नव्याने करणं बहुतेकांना परवडत नाही आणि दर पावसाळ्याआधी माती टाकणारा माणूसही मिळत नाही. त्यातलं तत्त्व मात्र उचलता येतं. पश्चिमेची भिंत जाड ठेवा, किंवा विटा उभ्या कडेवर लावून आत पोकळी ठेवणारा रॅट ट्रॅप बाँड वापरा. पोकळीने ऊन अडतं आणि विटाही सुमारे पाव हिश्शाने वाचतात. त्या बाजूला झोपायची खोली ठेवूच नका. जिना, कोठी आणि मोरी पश्चिमेला टाकली की ती खोल्यांसाठी ढाल होतात.

खिडक्यांबाबत एक पेच आहे. उन्हाळ्यात सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत खिडक्या बंद ठेवल्या तरच घर थंड राहतं; झळा आत आल्या की संपलं. पण दिवसभर बंद, अंधारलेलं घर उदासीने आधीच दबलेल्या माणसाला आणखी खाली ओढतं. यावरचा उपाय म्हणजे उजेडाची आणि वाऱ्याची खिडकी वेगळी करणं. उत्तरेला उंचावर काचेची, न उघडणारी खिडकी ठेवावी, तिच्यातून थेट ऊन जवळपास येत नाही. दक्षिणेला चार फूट उंच खिडकी आणि तिच्या माथ्याला लागून दोन फुटांचा छज्जा असेल, तर मार्च ते सप्टेंबर दुपारचं ऊन काचेला शिवत नाही आणि डिसेंबरात सूर्य ४५ अंशांवर उतरल्यावर खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून कोवळं ऊन आत येतं. थंडीत उठवत नाही, अंथरुणातून बाहेर पडवत नाही, अशी तक्रार असलेल्यासाठी ते ऊन पलंगाच्या पायथ्याशी पडेल अशी मांडणी करावी. वाऱ्यासाठी समोरासमोरच्या भिंतींत छताजवळ दीड फूट बाय एक फुटाचे झरोके ठेवावेत, रात्री उघडायचे, दिवसा मिटायचे. दोरीने खालून मिटता येतील असे केले तरच ते रोज मिटले जातात, आणि दोरी आखूड ठेवून काम झाल्यावर ओढून काढता येईल अशी असावी.

कूलरशिवाय खानदेशात घर होत नाही, पण त्याच्याबद्दल दोन गोष्टी वास्तुविशारदाच्या कानावर सहसा पडत नाहीत. पहिली आवाजाची. काही शुभार्थींना, म्हणजे आजारातून सावरणाऱ्यांना, पंख्याच्या किंवा नळाच्या चालू आवाजाबरोबरच माणसांचं बोलणं ऐकू येतं. आवाज थांबला की ते बोलणंही थांबतं. खिडकीत ठोकलेला, पत्र्याचा खडखडणारा कूलर अशा माणसाच्या उशाशी ठेवणं म्हणजे त्याला रात्रभर त्या बोलण्याच्या तावडीत देणं. कूलर भिंतीपासून सुटा, लोखंडी स्टँडवर, खाली रबराचे तुकडे देऊन बाहेर ठेवावा आणि हवा पडवीत सोडून तिथून खोल्यांत न्यावी. खोलीतला वेग ज्याचा त्याला ठरवता यावा. दुसरी गोष्ट शॉकची. ओल्या पत्र्याला हात लागून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. कूलरच्या सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं बटण, आणि वेगळं अर्थिंग याशिवाय वायरमनला बिल देऊ नये. टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करायची, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

पाण्याचा हिशेब आधी करून ठेवावा. सहा शुभार्थी आणि त्यांची काळजी घेणारे दोन शुभंकर, माणशी १३५ लिटरने दिवसाला १०८० लिटर होतात. नळाला पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात तेवढ्यानेच ५४०० लिटर लागतात, कूलरचं वेगळं. जमिनीखाली ७००० लिटरची आणि वर २००० लिटरची टाकी ठेवली तर ओढाताण होत नाही. वरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी अंगावर घेववत नाही इतकं तापतं, म्हणून मोरीतला एक नळ खालच्या टाकीच्या पंपावरून द्यावा. पिण्याच्या पाण्याचा माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लपवू नये. तो येताजाता दिसेल असा, घराच्या मधल्या चौकाच्या सावलीत, अडीच फुटांच्या कट्ट्यावर, तोटी लावलेला असावा. कोरड पडणाऱ्या तोंडाला आठवण करून द्यावी लागत नाही. पण ज्याला दिवसभर पाणीच पीत राहण्याचा त्रास आहे, त्याच्याकडेही त्याच जागेवरून शुभंकराचं लक्ष राहतं.

आता जमीन. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया घेतलेलं घर तिच्याबरोबर हलतं. भिंतीला तडे जातात हे सगळ्यांना माहीत आहे. त्याहून कमी बोललं जातं ते दारांबद्दल. चौकट सूतभर तिरकी झाली, त्यात लाकूड ओलं होऊन फुगलं, की ऑगस्टमध्ये मोरीचं दार आतून अडकतं. इतर घरांत ही किरकोळ कटकट असते. इथे आत असलेला माणूस घाबरून गुदमरतो, बाहेरचे दार धडकायला लागतात, आणि ज्याला आपल्याला कोंडलं जातंय अशी भीती आधीच छळते, त्याच्यासाठी ती भीती खरी ठरते. अशा एका प्रसंगाने महिन्याभराचा विश्वास जातो.

म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, निदान साडेतीन मीटर, आणि त्यांना जोडणाऱ्या जोत्याच्या तुळईखाली, म्हणजे प्लिंथ बीमच्या खाली माती फुगायला तीन इंचांची मोकळीक. जोत्यात काळी माती कधीच भरू नये, मुरूमच भरावा, थराथराने पाणी मारून ठोकून. घराभोवती चार फुटांचं प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे जोत्यालगत पक्क्या फरशीचा पट्टा, उतार बाहेरच्या बाजूला, आणि पन्हाळीचं पाणी भिंतीपाशी न सोडता पाइपाने लांब न्यावं. कडुनिंब भिंतीला खेटून लावायचा मोह होतो; मुळं काळ्या मातीतलं पाणी ओढतात आणि तिथली जमीन बसते. झाड पूर्ण वाढल्यावर जितकं उंच होईल तितकं ते लांब लावावं. भिंतीजवळच्या सावलीसाठी मांडवावर मधुमालती चढवली की पुरते.

मोरीच्या दाराला लाकूड नकोच, एफआरपी (फायबरचं) किंवा डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचं) वापरावं, आणि ते बाहेर उघडावं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. कडी आतून फिरकीची, बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी खाच असलेली. आतल्याला एकांत मिळतो आणि गरज पडली तर बाहेरच्याला दार फोडावं लागत नाही. कोयंडा बाहेरून नसावा. तो या घरातल्या कुठल्याच दाराला बाहेरून नसावा.

इथे कायद्याचा आधार पक्का आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १९ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिला, आणि ज्यांना रुग्णालयाची गरज उरलेली नाही त्यांच्यासाठी हाफवे होम, ग्रुप होम, म्हणजे रुग्णालय आणि स्वतःचं घर यांच्या मधली, गटाने राहण्याची घरं, उभी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. कलम ९५ ने साखळदंडाला मनाई केली, कलम ९७ ने एकांत कोठडीला. हे कलमांत लिहावं लागलं त्यामागे ६ ऑगस्ट २००१ ची एरवाडीची पहाट आहे. तामिळनाडूतल्या त्या झोपडीवजा आश्रमाला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं पळू शकली नाहीत. रात्री कुलूप लावलेला कोलॅप्सिबल गेट आणि किल्ली शुभंकराच्या उशाखाली, ही व्यवस्था त्याच वाटेवरची आहे. बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यात, दुसरी स्वयंपाकघरातून न जाणारी, आणि दोन्ही आतून किल्लीशिवाय उघडणाऱ्या.

राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खानदेशातलं माणूस तिथे पोचतं तेव्हाच ते आपल्या गल्लीपासून तुटलेलं असतं. परत आल्यावर घरच्यांची ताकद संपलेली असते, किंवा घरच उरलेलं नसतं. मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत होते. घरातल्या आजाराच्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेने वर्षानुवर्षं रुग्णालयात अडकलेल्या लोकांना चार-पाच जणांच्या गटाने साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरांत राहायला नेलं, सोबत मदतनीस देऊन. या प्रयोगातली मोलाची बाब आकडा आहे. पाच-सहा माणसांपर्यंत घर घर राहतं. दहाच्या पुढे गेलं की ताटांना नंबर पडतात, घंटा वाजायला लागते.

जागा निवडताना स्वस्त एनए प्लॉटच्या मागे लागून संस्था गावाबाहेर जातात. तिथे रिक्षा येत नाही, किराणा नाही, संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मग शुभार्थी बाहेर पडत नाहीत आणि लोक म्हणतात, बघा, यांना बाहेर पडायचंच नसतं. बसस्टँडपासून, दवाखान्यापासून आणि दुकानापासून पायी दहा मिनिटांत असलेली गल्ली हवी. गेटवर 'मनोरुग्ण पुनर्वसन केंद्र' अशी पाटी नको. नोंदणीचं प्रमाणपत्र आत कार्यालयाच्या भिंतीवर असावं, दारावर घराचं नाव. आणि बांधकाम सुरू व्हायच्या आधी शेजारच्या घरांतल्या काका-काकूंकडे जाऊन बसावं, चहा घ्यावा, त्यांची भीती ऐकून घ्यावी. पत्रकाने हे काम होत नाही.

गल्लीत घर असलं की ओटा करता येतो, आणि माझ्या मते खानदेशातल्या घराने या विषयाला दिलेली सगळ्यांत मोठी देणगी ओटा हीच आहे. जोत्याच्या पुढे दीड फूट उंच, साडेतीन-चार फूट खोल, वर पत्र्याची किंवा कौलांची सावली. ओट्यावर बसलेल्याला गल्ली दिसते, गल्लीला तो दिसतो, पण बोलायलाच हवं अशी सक्ती नसते. सायकलवरून जाणारा म्हणतो, "काय भाऊ, जेवन जायं का?" मान हलवली तरी उत्तर झालं. ज्याला तीन महिने कोणाशी डोळा भिडवता आलेला नाही, त्याला लोकांत परत यायला एवढी लहान पायरी लागते. ओट्यामागे पडवी, पडवीमागे चौक, चौकाकडे तोंड करून खोल्या. गल्लीपासून खाटेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर माणसं कमी होत जातात आणि किती माणसांत बसायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. आजाराने, औषधाने, घरच्यांनी, डॉक्टरांनी ज्याच्यासाठी सगळं ठरवलेलं असतं, त्याच्या हातात हा निर्णय परत देणं हे आराखड्याचं काम आहे.

आधुनिक फ्लॅटसारखा हॉल करून भिंतीला टेकून चहूबाजूंनी सोफे मांडले की हे सगळं मोडतं. हम्फ्री ऑसमंड या मनोविकारतज्ज्ञाने १९५० च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात काम करताना माणसांना एकमेकांपासून दूर ठेवणारी आणि जवळ आणणारी मांडणी यांतला फरक दाखवून दिला. त्याच्यासोबत काम करणारा वास्तुविशारद कियो इझुमी याने तर रुग्णाच्या डोळ्यांनी रुग्णालय दिसावं म्हणून स्वतः एलएसडी हे भास घडवणारं रसायन घेऊन वॉर्डातून फेरी मारली. न संपणारे व्हरांडे, चकचकीत फरशा, काळोख्या भोकांसारखी दिसणारी भिंतीतली कपाटं आणि पाय जमिनीला न टेकणारे उंच पलंग त्याला कसे अंगावर आले, ते त्याने नोंदवलं. अलीकडे स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या एका मनोविकार रुग्णालयात एकेकट्या खोल्या, बाग, हलवता येणाऱ्या खुर्च्या आणि भरपूर उजेड ठेवला, तेव्हा माणसाला बांधून ठेवण्याची वेळ पूर्वीपेक्षा कमी आली. आपल्याकडे यासाठी चौकाच्या कोपऱ्यांत काटकोनात मांडलेले दोन-दोन पाट किंवा बाजा पुरतात. समोरासमोर बसलं की नजरानजर टाळता येत नाही. काटकोनात बसलं की बोलायचं तर बोलता येतं, नाहीतर चौकातल्या तुळशीकडे बघत राहता येतं. बसल्या जागेवरून दार दिसावं आणि प्रत्येक सामाईक खोलीला दोन दारं असावीत, म्हणजे नकोसं माणूस आलं तर त्याला ओलांडून जावं लागत नाही.

चौक १२ बाय १५ फुटांचा आणि भोवती पाच फुटी पडवी ठेवली तर पडवीच्या मधोमध एका फेरीला ७४ फूट होतात, चौदा फेऱ्यांत हजार फूट. काही औषधांनी पायांत अशी बेचैनी शिरते की माणसाला एका जागी बसवत नाही. व्हरांड्याच्या टोकाला भिंत आली की तो परत वळतो, परत वळतो, आणि बघणाऱ्याला पिंजरा आठवतो. न थांबता फिरता येणारी सावलीतली वाट असली की त्याच फेऱ्या साध्या फेरफटक्यासारख्या दिसतात. औषधांनी वजन वाढतं, त्यावरही ही वाट उपयोगी.

खोली एकेकट्याला, ९ बाय १२ फुटांची. उशी भरीव भिंतीकडे, पडल्या पडल्या दार दिसेल पण दार उघडताच पलंग समोर येणार नाही असा कोन. पलंग दीड फुटाहून उंच नको. खिडकीची सिल दोन फुटांवर, म्हणजे बसून बाहेरचं दिसतं; गजांऐवजी आडव्या-उभ्या नक्षीची जाळी, तिचा एक भाग आगीच्या वेळी आतून उघडणारा. कपाट उथळ, दीड फुटाचं, बिनदाराचं. आरसा छोटा आणि त्यावर पडदा. फरशी चकाकणारी व्हिट्रिफाइड घेऊ नये; घासलेली शहाबादी किंवा लाल कोबा पायालाही थंड लागतो आणि दिव्याचं प्रतिबिंब हलत नाही. ट्यूब लपलपायला लागली की त्याच दिवशी बदलायची. पलंगाजवळ दिव्याचं बटण आणि मोरीपर्यंत फरशीलगत मंद दिवा हवा, कारण या औषधांनी रात्री उठताना एकदम रक्तदाब उतरून चक्कर येते. उंबरठा काढून टाकावा. घासत चालणारा पाय नेमका तिथेच अडखळतो. ज्यांना उंबरठ्याची पूजा करायची आहे त्यांच्यासाठी मुख्य दारात फरशीच्या पातळीत बसवलेला सागाचा पट्टा ठेवता येतो.

जिवाला धोका असलेल्या काळात माणूस रुग्णालयात असायला हवा, घरात नव्हे, हे आधी स्पष्ट करावं. तरी घरातही कठीण रात्री येतात. मोरीतल्या फिटिंग्ज भार न पेलणाऱ्या सुरक्षित प्रकारच्या, गच्चीचा कठडा चार फूट आणि दार शुभंकराच्या नजरेच्या टप्प्यात, आवारातल्या विहिरीवर लोखंडी जाळी. आणि कपाशीच्या मुलखात सगळ्यांत निकराने पाळायची गोष्ट: फवारणीचं औषध या घरात, कोठीत, मागच्या पत्र्याच्या खोलीत, कुठेही ठेवू द्यायचं नाही. परसात भाजी लावली असेल तर ती बिनफवारणीची. स्वयंपाकघराच्या दाराशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहावा. खोल्यांत कॅमेरे नकोत. लक्ष ठेवायचं काम शुभंकराचं, आणि त्याचं टेबल काचेच्या केबिनमध्ये न ठेवता स्वयंपाकघर आणि चौक यांच्या मधल्या पडवीत ठेवलं की तो भाजी निवडता निवडता सगळं बघतो.

औषधांचं कपाट हा छोटा पण हमखास चुकणारा भाग आहे. बहुतेक गोळ्यांच्या वेष्टनावर ३० अंशांखाली, काहींवर २५ अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघरातलं भिंतीचं कपाट चाळिशी ओलांडतं. कपाट उत्तरेकडच्या आतल्या भिंतीवर, कुलूपबंद, आत दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या भोकांनी हवा खेळती, आणि शेजारी थर्मामीटर टांगलेला. काही महिना-पंधरवड्याच्या इंजेक्शनांना फ्रिज लागतो. तो लोडशेडिंगला चालेल अशा इन्व्हर्टरवर घ्यावा.

स्वयंपाकघर मोठं ठेवावं, निदान १० बाय १४. दोन उंचीचे कामाचे ओटे हवेत, एक उभ्याने काम करायला ३२ इंचांचा, दुसरा बैठा, चटईवर बसून. ज्याचे हात थरथरतात त्याच्याने उभ्याने वांगी भाजवत नाहीत, पण खाली बसून भरीतासाठी लसूण-मिरच्या ठेचता येतात. एप्रिलमध्ये ज्वारीचे बिबडे घालायचे असले की सकाळच्या वेळी पाच जणांना पुरून उरेल एवढं काम निघतं: कोणी कढई हलवतं, कोणी कापडावर थापतं, कोणी नुसतंच कावळे हाकलत बसतं. यातल्या प्रत्येकाला जागा लागते, आणि ती आराखड्यातच काढून ठेवावी लागते. ऊन चढायच्या आत, नऊपर्यंत, गच्चीवरून सगळे खाली.

नवं बांधायला पैसा नसेल तर अमळनेर, चोपडा, पारोळा, एरंडोलसारख्या गावांतले रिकामे वाडे बघावेत. ओटा, चौक आणि जाड भिंती तिथे तयार मिळतात. अडचणीही ठरलेल्या आहेत: दहा इंची पायऱ्यांचा अंधारा जिना, डोकं आपटणारी दारं, वाळवी लागलेल्या सऱ्या, चौकाच्या गळक्या कडा. सऱ्यांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे पेचकस खुपसून बघावा. तो सहज आत गेला तर ती सरी बदलायची. जिना सुधारता येत नसेल तर वरचा मजला कोठीला द्यावा आणि सगळ्या खोल्या खाली घ्याव्यात.

बांधकामाच्या एकूण रकमेतला दहावा हिस्सा हात न लावता बाजूला ठेवावा. घरात माणसं राहायला आल्यावर एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्यावा, मग तिथे राहणाऱ्यांनाच सोबत घेऊन घरभर फिरावं, मे महिन्यात दुपारी तीनला एकदा आणि ऑगस्टमधल्या रात्री दोनला एकदा. कुठलं दार घासतं, कुठल्या खोलीत झोप येत नाही, कोण कुठे बसायचं टाळतो, कूलर कुणाला नकोय, हे त्यांना विचारून वहीत लिहावं आणि त्या दहाव्या हिश्शातून त्यांनी सांगितलेल्या क्रमानेच कामं करून घ्यावीत.